हाताच्या मुंग्या आणि मनगटाचा बोगदा

आपल्या व्यापारी समाजात हातास फार मोठे काम असते. सराफाच्या हाती चिमटा व काटा, कापडवाल्याच्या हाती कात्री व गज, किराणा दुकानदाराच्या हाती तराजू. मुनीमजींच्या हाती पूर्वी लेखणी होती, आज संगणकाचा कळफलक आहे. घरच्या स्त्रियांच्या हातून लाटणे, निवडणे, पिळणे ही कामे तर दिवसभर चाललेलीच असतात. असे असूनही हाताचा एक अत्यंत सामान्य विकार आपल्या घराघरांत वावरत असतो आणि त्याचे नाव मात्र फारच थोड्यांस ठाऊक असते. मध्यरात्रीनंतर केव्हा तरी हातास मुंग्या येऊन जाग येते. बोटे जड व बधिर झालेली असतात. माणूस उठून हात झटकतो, खाटेच्या कडेवरून खाली सोडतो, थोड्या वेळाने बरे वाटते व तो पुन्हा निजतो. सकाळी विचारावे तर "हात अंगाखाली आला असेल" एवढेच उत्तर मिळते. कोणी त्यास वात म्हणतो, कोणी मानेचे मणके झिजले असे सांगतो, कोणी अशक्तपणा समजून टॉनिकाच्या बाटल्या रिचवितो.

या विकारास 'कार्पल टनेल सिंड्रोम' असे म्हणतात. त्याचे निदान बहुधा सोपे असते, उपाय खात्रीचे आहेत, आणि शेवटचा उपाय जी शस्त्रक्रिया ती आता इतक्या लहान छेदातून होऊ लागली आहे की रुग्ण त्याच दिवशी घरी परततो. तरीही दुर्लक्षामुळे अंगठ्याची शक्ती कायमची गमावलेले लोक आपल्या पेठांतून दिसतात. याच कारणास्तव सभासद कुटुंबांपुढे हा विषय जरा विस्ताराने मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम मनगटाची रचना पाहू. तळहाताच्या मुळाशी आठ लहान हाडे कमानीसारखी मांडलेली आहेत. या कमानीच्या उघड्या बाजूवर एक जाड, चिवट पट्टा आडवा ताणलेला असतो. खाली हाडे, वर पट्टा, आणि मध्ये जी पोकळी राहिली तोच हा बोगदा. बोगदा म्हटल्याने वाचकांच्या डोळ्यांपुढे रेल्वेचा बोगदा येईल, परंतु जुन्या पेठेतील अरुंद बोळाची उपमा आम्हांस अधिक योग्य वाटते. या बोळातून बोटे मिटविणाऱ्या नऊ कंडरा, म्हणजे स्नायूंच्या दोऱ्या, जातात. चार बोटांस प्रत्येकी दोन व अंगठ्यास एक. त्यांच्या सोबतीने, वरच्या पट्ट्याच्या अगदी खालून, एक मज्जातंतू जातो. त्यास मीडियन नर्व्ह म्हणतात. बोळात जागा मुळातच मोजकी. दोऱ्यांवरील आवरणास जराशी सूज आली तरी हाडे सरकत नाहीत, पट्टा ताणत नाही. दाबला जातो तो बिचारा मज्जातंतू, कारण सगळ्यांत मऊ तोच.

हा दाब किती असतो याचे मोजमाप अमेरिकेतील रिचर्ड गेलबरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 मध्ये प्रसिद्ध केले. निरोगी मनगटात तो पाऱ्याच्या सुमारे अडीच मिलिमीटर इतका अल्प होता. विकारग्रस्त मनगटात मात्र बत्तीसच्या घरात. मनगट पुढे दुमडले किंवा मागे वाकविले की तोच आकडा नव्वद-शंभरापर्यंत चढत असे. झोपेत आपण सगळेच मनगट दुमडून निजतो. त्रास रात्री का होतो, याचे उत्तर या आकड्यांत आहे. स्कूटर चालविताना, वर्तमानपत्र धरून वाचताना किंवा फोन कानास लावून बसले असता मुंग्या येतात, त्याचेही कारण तेच.

या मज्जातंतूचे क्षेत्र ठरलेले आहे. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अंगठ्याकडील अर्धा भाग यांची संवेदना त्याच्याकडे असते. करंगळी त्याच्याकडे नाही. तिचा मज्जातंतू वेगळा असून तो या बोळातून जात नाही. म्हणून वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: मुंग्या येत असता कोणती बोटे बधिर होतात ते नीट पाहावे व वैद्यांस सांगावे. 'सगळा हात बधिर होतो' असे मोघम सांगणाऱ्यास लक्षपूर्वक पाहण्यास सांगितले की करंगळी सुटलेली आहे असे पुष्कळदा आढळते. तळहाताच्या मुळाकडील कातडीची संवेदनाही सहसा शाबूत राहते, कारण तिकडे जाणारी फांदी बोळात शिरण्यापूर्वीच निराळी होते व पट्ट्याच्या वरून जाते. निसर्गाची ही व्यवस्था निदान करणाऱ्यास फार उपकारक झाली आहे.

संवेदनेखेरीज या तंतूकडे आणखी एक महत्त्वाचे खाते आहे. अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा दिसतो, त्यातील बहुतेक स्नायू याच्याच आज्ञेत असतात. अंगठा बोटांसमोर आणून चिमूट धरणे हे त्या स्नायूंचे काम. दाब वर्षानुवर्षे राहिला की हा उंचवटा सपाट होऊ लागतो. मग शर्टाची गुंडी लागत नाही, नोटा मोजता येत नाहीत, कानातल्याची फिरकी बसत नाही, कपबशी हातातून निसटते. एकदा हा स्नायू पुरता वाळला की पुढे कितीही कुशल शस्त्रक्रिया केली तरी तो पूर्ववत भरून येईल याची शाश्वती नसते. मुंग्यांनी मनुष्य मरत नाही हे खरे; पण ज्याचा धंदाच चिमटीवर चालतो अशा सराफास किंवा शिंप्यास हे नुकसान लहान नव्हे.

विकार कोणास होतो? स्त्रियांस पुरुषांहून अधिक, आणि वयाच्या चाळिशी ते साठीच्या दरम्यान विशेष. बहुसंख्य रुग्णांत निश्चित कारण सापडत नाही. मधुमेह, थायरॉइड ग्रंथीचे मांद्य, सांध्यांचा आमवात, स्थूलता, मनगटाचे जुने मोडलेले हाड ही कारणे पुष्कळांत असतात. गरोदरपणी अंगात पाणी धरल्यामुळे त्रास होतो व तो प्रसूतीनंतर बहुधा आपोआप ओसरतो. अशा वेळी सुनेस उगाच घाबरवू नये. जोराने मूठ आवळून तेच ते काम पुनःपुन्हा करणे व थरथरणारी यंत्रे हाती धरणे यांनी विकार वाढतो याविषयी पुरावा चांगला आहे. संगणकावर टंकलेखन केल्याने तो होतो अशी समजूत आज सर्वत्र पसरली आहे, परंतु तिचा आधार त्या मानाने दुबळा आहे. बसून धंदा करणाऱ्या आपल्या लोकांत मधुमेह व पोटाचा घेर यांचे प्रमाण पाहता, आम्हांस तरी कळफलकापेक्षा गादी-तक्क्याचाच संशय अधिक येतो.

हातास मुंग्या आल्या म्हणजे हाच विकार, असेही समजू नये. मधुमेहाने मज्जातंतू बिघडतात तेव्हा आरंभ सहसा पायांच्या बोटांपासून होतो. मानेतून निघणारी नस दबली असेल तर मान हालविताना कळ दंडातून खाली जाते. करंगळी व अनामिकाच बधिर होत असतील तर दोष बहुधा कोपराशी असतो. आपल्यासारख्या शाकाहारी कुटुंबांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. बी-बारा हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून मिळत नाही, दूधदुभत्यातून मिळते ते थोडे. त्याच्या अभावाने हातापायांस मुंग्या येतात व तोल जातो. साध्या रक्ततपासणीने ते कळते. आणि अकस्मात एका बाजूचा हात, पाय किंवा तोंड लुळे पडले तर तो मनगटाचा विषय नव्हेच. क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

आमच्या परिचयातील एका कापड व्यापाऱ्याच्या मानेची क्ष-किरण तपासणी झाली. चित्रात मणके झिजलेले दिसले. पन्नाशीनंतर ते कोणाचे दिसत नाहीत? दोन वर्षे मानेस पट्टा, शेक व वजने लावून ताण देणे चालू राहिले. या अवधीत त्यांच्या उजव्या अंगठ्याखालील मांस झडून खड्डा पडला, तो एका लग्नात नात्यातील डॉक्टर मुलीने जेवणाच्या पंगतीत पाहिला. पुढे शस्त्रक्रिया झाली, रात्रीच्या कळा थांबल्या. कात्री मात्र आता त्यांचा धाकटा भाऊ चालवितो.

अशी दिशाभूल केवळ आपल्याकडेच होते असे नाही. या विकाराचा इतिहासच दिशाभुलीचा आहे. इंग्लंडमधील सर जेम्स पॅजेट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, मनगटाचे हाड मोडल्यानंतर हा तंतू दाबला गेल्याचे वर्णन केले. 1880 मध्ये बोस्टनच्या जेम्स पटनम यांनी रात्री हात बधिर होणाऱ्या सदतीस रुग्णांची हकीकत लिहिली, परंतु कारण त्यांस उमगले नाही. 1913 मध्ये पॅरिसच्या प्येर मारी व शार्ल फ्वा यांनी एका मृत व्यक्तीचे मनगट उघडून पाहिले, तेव्हा पट्ट्याखाली तंतू चेपलेला व त्याच्या वर फुगलेला आढळला. वेळीच निदान करून पट्टा छेदला तर अंगठ्याचा क्षय टळेल, असे त्यांनी तेव्हाच सुचविले. इतकी स्पष्ट सूचना असता पुढची कित्येक वर्षे वैद्यक मात्र मानेकडेच पाहत राहिले. मानेच्या मुळाशी असलेली जादा बरगडी तंतूवर दाब देते असा समज प्रबळ होता व त्यापायी अनेकांच्या बरगड्या काढल्या गेल्या. सर जेम्स लर्मंथ यांनी 1933 मध्ये मनगटाचा पट्टा छेदल्याची हकीकत प्रसिद्ध केली, आणि 1947 मध्ये लंडनच्या रसेल ब्रेन प्रभृतींनी अशा सहा रुग्णांवरील शस्त्रक्रियांचे वृत्त दिल्यावर वैद्यकाची नजर मानेवरून खाली उतरली. क्लीव्हलंडचे जॉर्ज फेलन यांनी हे ज्ञान सर्वसामान्य डॉक्टरांपर्यंत पोहोचविले. 1966 मध्ये त्यांनी आपल्या सतरा वर्षांतील 654 हातांचा अनुभव एकत्र मांडला.

फेलन यांच्या नावाची तपासणी आजही केली जाते व तिला उपकरण लागत नाही. दोन्ही मनगटे खाली दुमडून सुमारे एक मिनिट तशीच धरावयाची. मुंग्या आल्या तर संशय बळावतो. फ्रेंच डॉक्टर टिनेल यांच्या नावे दुसरी एक खूण आहे, तीत मनगटावर हळू टिचक्या मारल्या असता बोटांत झिणझिण्या जातात. पक्की खात्री व दाबाची तीव्रता पाहण्यासाठी मज्जातंतूतून विजेचा सूक्ष्म संदेश पाठवून त्याचा वेग मोजतात. थोडे टोचल्यासारखे होते, धोका नसतो. ध्वनिलहरींच्या यंत्राने, म्हणजे सोनोग्राफीने, फुगलेला तंतू प्रत्यक्ष पाहताही येतो.

निदान झाले की लगेच सुरीकडे धावण्याचे कारण नाही. सौम्य विकारात रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून निजावे व सहा आठवडे धीर धरावा. येथे एक व्यवहारातील खाच सांगितली पाहिजे. औषधांच्या दुकानी मिळणारे बरेचसे पट्टे मनगट मागे वाकविणारे असतात. मागे वाकविल्याने दाब वाढतो हे वर सांगितलेच आहे. पट्टा सरळ असावा, आवळ नसावा. थायरॉइडचा दोष असल्यास त्याचे उपचार घ्यावेत, मधुमेह ताब्यात आणावा. बोगद्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्याने पुष्कळांस काही आठवडे ते काही महिने चांगला आराम पडतो, तथापि अनेकांत त्रास परततो. मधुमेह्यांची साखर इंजेक्शनानंतर काही दिवस चढते, हे आधी माहीत असलेले बरे. तेल चोळून हाडामधला बोळ रुंद होत नाही, एवढे नम्रपणे नमूद करून आम्ही पुढे जातो.

पट्टा बांधून गुण न आला, बोटे दिवसाही बधिर राहू लागली, अंगठा दुबळा पडला किंवा उंचवटा सपाट होऊ लागला, तर मात्र शस्त्रक्रिया टाळू नये. तिचे तत्त्व अत्यंत साधे आहे: बोळाचे छप्पर जो पट्टा, तो उभा छेदावयाचा. कडा विलग होतात, बोळास जागा मिळते, दाब उतरतो. मधली फट पुढे नव्या ऊतीने भरून येते, पण पूर्वीपेक्षा सैल. पट्टा काढून टाकीत नाहीत, हाडास हात लावीत नाहीत, तंतूसही सहसा धक्का लावीत नाहीत.

जुन्या पद्धतीत तळहातापासून मनगट ओलांडून वर जाणारा लांब छेद घेत. पट्टा छेदावयाचा तो तर आत, पण त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी वरची कातडी, चरबी व तळहाताचे जाड आवरण हे सारे कापले जाई. आणि आपण ज्यावर भार देऊन उठतो, लाटणे दाबतो, तीच ही जागा. वण दुखरा राही व काम सुरू होण्यास विलंब लागे. म्हणून छेद लहान करण्याचे प्रयत्न झाले. आज बऱ्याच ठिकाणी तळहातावर दोन-तीन सेंटिमीटरचा छेद घेऊन, पट्टा डोळ्यांनी पाहत कापतात. त्याच्या पुढची पायरी दुर्बिणीची. जपानच्या इचिरो ओकुत्सू यांनी 1980 च्या दशकात पारदर्शक नळी मनगटातून आत घालून, तीतून दुर्बिणीने पाहत पट्टा छेदण्याची रीत काढली. 1989 मध्ये अमेरिकेतील जेम्स चाऊ यांनी दोन लहान छेदांची पद्धत प्रसिद्ध केली, एक मनगटाशी व एक तळहातात. जॉन एजी यांनी मनगटाच्या घडीवरील एकाच छेदातून काम करणारे, पिस्तुलासारखा दांडा असलेले उपकरण तयार केले. त्याच्या टोकाशी दुर्बीण, आणि घोडा दाबला म्हणजे लहानसे पाते वर येऊन पट्टा आतून कापते. तळहाताची कातडी जशीच्या तशी राहते. अलीकडे सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत, काही मिलिमीटरच्या छिद्रातून बारीक पात्याने वा दोऱ्यानेही पट्टा छेदतात. ही सोय अद्याप मोजक्या ठिकाणीच आहे.

आता ग्राहक जो प्रश्न विचारील तोच आपण विचारू: नवा माल जुन्यापेक्षा सरस आहे काय? उघड व दुर्बिणीच्या पद्धतींची तुलना करणाऱ्या अनेक चाचण्या झाल्या आहेत. काही महिन्यांनंतर पाहिले तर मुंग्या व बधिरता दूर होण्यात दोहोंत विशेष अंतर उरत नाही. दुर्बिणीने केलेल्यांचा वण कमी दुखतो व ते सरासरी आठवडाभर आधी कामास लागतात. उलट पक्षी, मज्जातंतूस तात्पुरता त्रास होण्याचे प्रमाण दुर्बिणीत किंचित अधिक आढळले आहे, आणि खर्चही सहसा जास्त येतो. अंगठ्याच्या स्नायूंकडे जाणारी फांदी प्रत्येकात एकाच वाटेने जात नाही. क्वचित ती पट्ट्यातूनच आरपार जाते. त्यामुळे आत नीट दिसत नसेल तर दुर्बीण बाजूस ठेवून उघड छेद घेणे हेच शहाण्या शल्यतज्ज्ञाचे काम, आणि रुग्णाने त्यास आधीच संमती देऊन ठेवावी. पट्टा अपुरा कापला गेल्यास त्रास राहतो. जंतुदोष, बोटांचा ताठरपणा, तंतूस कायमची इजा हे धोके थोडे असले तरी शून्य नाहीत. आमचे मत विचाराल तर, उपकरणाच्या नावापेक्षा 'आपण अशा किती शस्त्रक्रिया केल्या?' हा प्रश्न अधिक मोलाचा. लहान उघड छेदाने उत्तम काम करणाऱ्या डॉक्टरांस सोडून केवळ दुर्बिणीच्या नावलौकिकापायी दूरच्या शहरी धावण्याचे कारण नाही. ज्यास दुकान फार दिवस बंद ठेवणे परवडत नाही त्याने मात्र दुर्बिणीचा विचार जरूर करावा.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेस साधारण पाव ते अर्धा तास लागतो. बहुधा हात तेवढा बधिर करतात. कॅनडाचे डोनाल्ड लालोंड यांनी भुलीच्या औषधात ॲड्रेनलिन मिसळून, दंडास रक्त थांबविणारा पट्टा न आवळता व झोपेचे औषध न देता हाताच्या शस्त्रक्रिया करण्याची पद्धत रूढ केली. तीत उपाशी राहण्याचीही सहसा गरज पडत नाही. आपल्याकडे चौविहार पाळणाऱ्यांनी आणि मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी औषधांच्या वेळा आधीच ठरवून घ्याव्यात. वेदनाशामके दिवसा घेता येतील अशी बहुधा बसविता येतात. कॅप्सूलचे वेष्टन जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असू शकते, ते नको असल्यास तसे सांगावे, गोळी लिहून मिळते. विमा असल्यास एका दिवसाच्या शस्त्रक्रियेविषयी कंपनीस अगोदर विचारावे.

घरी आल्यावर हात उंच ठेवावा आणि बोटे त्याच दिवसापासून हालवीत राहावीत. हात झोळीत बांधून आठवडाभर निश्चल बसणे हा सेवाभावाचा अतिरेक असून त्याने बोटे आखडतात. टाके दहा ते चौदा दिवसांनी काढतात. रात्रीच्या कळा पुष्कळदा पहिल्या काही रात्रींतच थांबतात, त्यामुळे रुग्ण हर्षभरित होतो. परंतु जुनी बधिरता महिनोन्‌महिने हळूहळू जाते आणि फार जुनी असेल तर थोडी राहतेही. तळहाताच्या मुळाशी दोन्ही बाजूंस, पट्टा जेथे हाडांस चिकटलेला असतो तेथे, दाबल्यास दुखते. हे दुखणे तीन ते सहा महिन्यांत बहुधा निवते व त्यावरून शस्त्रक्रिया फसली असे मानू नये. लिहिणे, जेवणे, पावती फाडणे काही दिवसांतच जमते. पोती उचलणे, कणीक मळणे, जड शटर ओढणे यांस चार ते सहा आठवडे थांबावे, आणि मुठीची पुरी ताकद येण्यास दोन-तीन महिने धरून चालावे.

दोन्ही हातांस विकार असणे हे नेहमीचेच आहे. अशा वेळी अधिक बिघडलेला हात आधी करून, तो कामास लागल्यावर दुसरा करणे घरच्यांच्या सोयीचे पडते. दुकानदारांनी दिवाळी व लग्नसराई यांच्या निदान दोन महिने आधीचा मुहूर्त धरावा.